गिनी-बिसाऊ: काजू, खाजण आणि बराकी

पश्चिम आफ्रिकेतल्या लष्करी राजवटींचा विषय निघाला की माली, बुर्किना फासो आणि नायजर ही तीन नावं आधी येतात. बातम्यांत जागाही त्यांनाच मिळते: रशियन झेंडे, फ्रेंच सैन्याची परत पाठवणी, जिहादी टोळ्या, सोन्याच्या आणि युरेनियमच्या खाणी. गिनी-बिसाऊ मागे राहतो. त्यात नावाचा घोळ. गिनी वेगळा, इक्वेटोरियल गिनी वेगळा, पापुआ न्यू गिनी तर भलत्याच महासागरात. पण वेंगुर्ले, चंदगड किंवा आजऱ्याच्या काजू कारखानदाराला यांतला हाच देश सर्वांत जवळचा. त्याच्या गोदामातली आफ्रिकन बी 'बिसाऊची' असली तर तिला भाव वेगळा लागतो. 'काजू' हा शब्दही दोन्हीकडे एकच. ब्राझीलच्या तुपी भाषेतून तो पोर्तुगीजांनी उचलला आणि झाडासोबत गोव्यात आणि पश्चिम आफ्रिकेत नेऊन ठेवला.

सेनेगल आणि गिनी यांच्या बेचक्यात अटलांटिकच्या काठी बसलेला हा देश ३६,१२५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या जवळपास दहापट. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. किनारा सरळ नाहीच. गेबा, मान्सोआ, काशेउ या नद्यांची मुखं इतकी रुंद की भरतीचं पाणी आतवर, कोसच्या कोस घुसतं. समोर बिजागोश द्वीपसमूह, सुमारे ८८ बेटं, त्यांतली वीसेकच कायम वस्तीची. २०२५ मध्ये ही बेटं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज, बाजाराची क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक भाषांच्या मिश्रणातली बोली. बालांता, फुला, मांदिंगा, मांजाको, पापेल, बिजागो असे मुख्य समाज.

२३ नोव्हेंबर २०२५ ला तिथे राष्ट्राध्यक्षपदाची आणि संसदेची निवडणूक झाली. निकाल २७ तारखेला जाहीर व्हायचा होता. २६ ला दुपारी राजधानी बिसाऊत राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाजवळ गोळीबार झाला. थोड्या वेळाने लष्करी अधिकाऱ्यांनी दूरचित्रवाणीवर निवेदन वाचून निवडणूक प्रक्रिया थांबवल्याचं सांगितलं. राष्ट्राध्यक्ष उमारो सिसोको एंबालो यांनी स्वतःच फ्रेंच माध्यमांना फोन करून आपल्याला हटवल्याची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी जनरल होर्ता न्ताम यांचा एका वर्षासाठी संक्रमणकालीन प्रमुख म्हणून शपथविधी उरकला. पंतप्रधान नेमले गेले ते इलिदियो व्हिएरा ते, म्हणजे एंबालो यांचेच अर्थमंत्री. मग लोकांनी दोन अधिक दोन केले: हा उठाव एंबालो यांनीच घडवून आणला असावा. विरोधी उमेदवार फर्नांदो दियास यांनी नायजेरियाच्या वकिलातीत आसरा घेतला. निरीक्षक म्हणून गेलेले नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी या प्रकाराला केवळ 'समारंभापुरता' उठाव म्हटलं. निवडणूक आयोगाने पुढे कळवलं की मतमोजणीची कागदपत्रं हिसकावली गेली असल्याने निकाल लावणं शक्य नाही. इकोवास ही पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना आणि आफ्रिकी संघ या दोघांनी सदस्यत्व निलंबित केलं.

उठाव खरा होता की ठरवून केलेला, यावर वाद घालण्यापेक्षा या सैन्याला अशी सवय का लागली ते पाहणं जास्त कामाचं. १९८०, १९९९, २००३, २०१२ आणि आता २०२५ असे पाच यशस्वी उठाव झाले. फसलेले तर डझनावर.

मुळाशी स्वातंत्र्ययुद्ध आहे. १९५६ मध्ये अमिल्कार काब्राल आणि सहकाऱ्यांनी पीएआयजीसी (गिनी आणि केप व्हर्दच्या स्वातंत्र्यासाठीचा आफ्रिकी पक्ष) हा पक्ष काढला. काब्राल शेतीतज्ज्ञ होता. १९५३ मध्ये पोर्तुगीज वसाहत सरकारसाठी त्याने गावोगाव फिरून शेतीची गणना केली होती, त्यामुळे कोणत्या गावात काय पिकतं आणि कोण कोणावर चिडलेलं आहे हे त्याला पक्कं ठाऊक. ३ ऑगस्ट १९५९ ला पिजिगिती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, पन्नासेक माणसं मेली. मग शहरातली चळवळ सोडून पक्ष रानात गेला. जानेवारी १९६३ मध्ये तिते इथल्या छावणीवर हल्ला करून सशस्त्र लढा सुरू झाला. २० जानेवारी १९७३ ला काब्रालचा शेजारच्या गिनीच्या राजधानीत, कोनाक्रीत, खून झाला, पण त्याच वर्षी २४ सप्टेंबरला मादिना दो बोए इथे पक्षाने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. पोर्तुगालने ते मान्य केलं वर्षभराने, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर.

गोव्याशी असलेला धागा इथेच. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ यांच्या जोडीला गोव्याच्या संघटनाही तिथे होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा दीड दिवसाच्या कारवाईत मोकळा झाला. गिनी-बिसाऊला अकरा वर्षं लढावं लागलं. त्या अकरा वर्षांत राज्य चालवायला माणसं तयार झाली नाहीत, बंदूक चालवायला झाली. स्वातंत्र्य आलं तेव्हा देशात सैन्य होतं, पक्ष होता, पण कचेऱ्या रिकाम्या होत्या.

लढणाऱ्यांत भरणा बालांतांचा होता आणि तेही समजण्यासारखं आहे. बालांता हे खाजणातले भातशेतकरी. त्यांच्या शेताला 'बोलान्या' म्हणतात. गोव्यातलं खाजण किंवा रत्नागिरी-रायगडाकडची खारजमीन पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल. खारफुटी तोडून चिखलाचा बांध घालायचा, भरतीचं पाणी बाहेर अडवायचं, आणि पावसाचं गोडं पाणी साठवून जमिनीतलं मीठ धुऊन काढायचं. गोव्यात बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बसवतात. तिथे पारंपरिक पद्धतीत पोकळ केलेला झाडाचा बुंधा बांधाखालून घालतात आणि त्याचं तोंड भरती-ओहोटीप्रमाणे बंद-उघडं करतात. नांगर नाही. लांब दांड्याचं लाकडी फावडं, टोकाला लोखंडी पट्टी, आणि माणसाची पाठ. जूनपासून पाऊस सुरू होतो. पहिले दोनेक महिने मीठ धुण्यात जातात, रोपं नंतर लागतात, कापणी डिसेंबर-जानेवारीत. बांध एकदा फुटला की खारं पाणी आत येतं आणि जमीन पुन्हा भातायोग्य व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. म्हणून गावातल्या तरुण पोरांची फळी दरवर्षी बांधावर लागते. याच फळ्या काब्रालला तयार मिळाल्या. चिखल, खाड्या, होड्या यांत पोर्तुगीज सैन्य अडकत होतं आणि ही पोरं तिथेच वाढलेली.

युद्ध संपलं, फळी मात्र बराकीतच राहिली. हे सैन्य आज काही हजारांचंच आहे, पण वरून जड: हुद्देदार फार, शिपाई कमी, वयं चढलेली. निवृत्ती द्यायची तर पेन्शनला पैसा लागतो, तो नाही. २०२५ च्या उठावाआधीच्या घटनेनेही भर घातली. संसदेत बहुमत मिळवणाऱ्या पक्षाचा पंतप्रधान, पण त्याला बडतर्फ करण्याचा अधिकार थेट निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला. दोघांनाही जनतेचा कौल, दोघांचाही तिजोरीवर डोळा. राष्ट्राध्यक्ष जोझे मारियो वाझ यांनी २०१४ ते २०१९ अशी मुदत पूर्ण केली म्हणून त्यांचं कौतुक झालं, पण त्या पाच वर्षांत पंतप्रधान सात झाले. असं भांडण पेटलं की दोन्ही बाजू बराकीत ओळखीचा जनरल शोधतात. जनरल अर्थातच काही फुकट येत नाही.

उठावांची यादी या नजरेने वाचली की ती निव्वळ गोंधळ वाटत नाही. १४ नोव्हेंबर १९८० ला नीनो व्हिएरा या जुन्या गनिमी सेनानीने अमिल्कारचा भाऊ, राष्ट्राध्यक्ष लुईस काब्राल याला हटवलं आणि केप व्हर्द या दुसऱ्या माजी पोर्तुगीज वसाहतीशी एकत्र येण्याचा बेत कायमचा मोडला. १९९८ मध्ये त्याच व्हिएराने सैन्यप्रमुख आन्सुमाने मानेला सेनेगलच्या कासामान्स भागातल्या बंडखोरांना शस्त्रं पाठवल्याच्या आरोपावरून काढलं. ७ जूनला युद्ध पेटलं आणि मे १९९९ मध्ये व्हिएरा पळाला. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष कुंबा यालाला सैन्याने घरी बसवलं. पुढच्याच वर्षी लायबेरियातल्या शांतिसेनेतून परतलेल्या शिपायांनी थकलेल्या भत्त्यासाठी बंड करून सैन्यप्रमुखालाच मारलं. व्हिएरा निवडून परत आला. १ मार्च २००९ ला सैन्यप्रमुख तागमे ना वाये बॉम्बस्फोटात गेला, दुसऱ्या दिवशी पहाटे सैनिकांनी व्हिएराला ठार केलं. १२ एप्रिल २०१२ चा उठाव राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन फेऱ्यांच्या मधोमध. २०२५ चा निकालाच्या आदल्या दिवशी. निकाल लागण्याआधी हात घालायचा, म्हणजे 'निवडून आलेल्याला पाडलं' असं म्हणायला कोणी उरत नाही. ही क्लृप्ती एव्हाना पाठ झालेली आहे.

अमली पदार्थांचा मुद्दा परदेशी लेखांत इतका चघळला जातो की देश म्हणजे तेवढंच असं वाटावं. तरी तो टाळता येत नाही. ओसाड बेटं, जुन्या धावपट्ट्या, गस्तीला बोटी नाहीत, आणि समोर दक्षिण अमेरिका. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी यंत्रणेने माजी नौदलप्रमुख बुबो ना चुतोला समुद्रात सापळा लावून पकडलं. २०१२ च्या उठावाचा म्होरक्या अंतोनियो इंजाय याच्या माहितीसाठी अमेरिकेने २०२१ मध्ये ५० लाख डॉलरचं बक्षीस लावलं. सप्टेंबर २०२४ मध्ये बिसाऊच्या विमानतळावर व्हेनेझुएलाहून आलेल्या एका खासगी जेटमधून २.६ टन कोकेन जप्त झालं. पण हा पैसा मोजक्या खिशांत जातो. गावात त्याचा पत्ता नसतो. गावात पैसा येतो तो एकाच दाराने, काजू बीच्या.

निर्यातीच्या उत्पन्नात बीचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर, आणि जवळजवळ सगळी बी कच्चीच जाते, मुख्यतः भारतात आणि व्हिएतनामला. बोलान्याचं काम मोडून काढणारं, काजूचं त्या मानाने हलकं. झाड लावलं की तीन-चार वर्षांत धरतं. म्हणून पोरांनी बांध सोडले आणि टेकाडावर काजू लावला. बांध फुटले, भात कमी पडलं, तांदूळ बाहेरून येऊ लागला. आता व्यवहार असा की मोसमात व्यापारी तांदळाची पोती घेऊन गावात येतो आणि बी घेऊन जातो. बरं वर्ष असेल तर किलोला किलो. वाईट वर्षी एक किलो तांदळासाठी दोन किंवा त्याहून जास्त किलो बी मोजावी लागते. काजूचा भाव हाच तिथे भाताचा भाव. वसाहतकाळात काब्रालने भुईमुगाच्या एकपिकी शेतीबद्दल जे बजावलं होतं, ते भुईमूग जाऊन काजू आला तरी तसंच लागू आहे.

मोसम मार्चअखेर ते जून. सरकार दरवर्षी किमान दर जाहीर करून मोसम 'उघडतं' आणि त्याआधी निर्यातीला परवानगी नसते. इथेच गाडं अडतं. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी किलोला १,००० फ्रँक (तिथलं चलन, सीएफए फ्रँक) असा दर जाहीर केला. ऐकायला झकास. पण त्याच सुमारास जागतिक भाव उतरत होता, निर्यातदारांनी हात आखडता घेतला, माल गावात पडून राहिला आणि बराचसा चोरवाटेने सेनेगलला गेला. त्याआधी २०११ मध्ये प्रक्रिया उद्योगाला चालना म्हणून निर्यातीवर किलोला ५० फ्रँकचा अधिभार बसवला होता. कारखाने काही उभे राहिले नाहीत. अधिभार व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या भावातून कापून घेतला, दुसरं होणारच काय?

आता उशिराची किंमत नेमकी किती, ते पाहण्यासाठी बी कापावी लागते. व्यापारात बीचा दर्जा उताऱ्यावर ठरतो, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल यावर. लॉटमधल्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून, मूठमूठ बी काढून एकत्र करायची आणि त्यातून बरोबर एक किलो तोलायची. आधी बिया मोजायच्या. बिसाऊची बी किलोला साधारण २०० ते २२० भरते. मग प्रत्येक बी अडकित्त्याने उभी कापायची आणि गर सालीसकट तीन ढिगांत टाकायचा: चांगला, डागी किंवा अर्धवट भरलेला, आणि सडका-पोकळ. पहिला ढीग पूर्ण वजनाने धरायचा, दुसरा निम्म्याने, तिसरा सोडून द्यायचा. येणाऱ्या ग्रॅमना ०.१७६३७ ने गुणलं की उतारा मिळतो. चांगला गर २८५ ग्रॅम, डागी २४ ग्रॅम असेल तर २८५ अधिक १२, म्हणजे २९७, आणि उतारा ५२.४. बिसाऊची चांगली बी ५२ ते ५४ देते. आयव्हरी कोस्टची सर्वसाधारण ४६ ते ४८. भावातला फरक इथून येतो.

काजू तिथे झाडावरून तोडत नाहीत. बोंड पिकून पडू देतात, मग बायका आणि मुलं वेचतात, बी पिळून वेगळी करतात, बोंडाचा रस काढून आंबवतात. (आपल्यासारखी त्याची फेणी होण्याइतकी भट्टी सर्वत्र नसते, बहुतेक रस आंबट दारू म्हणूनच संपतो.) बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची. आत खडखडली आणि नखाने सालीवर वळ उठला नाही की झाली. ओलावा दहा टक्क्यांच्या आत हवा, जहाजावर चढवताना आठच्या आसपास असेल तर उत्तम. पोतं तागाचं हवं. प्लास्टिकच्या गोणीत बी घाम धरते. हे सगळं मे अखेरपर्यंत जमतं. जूनमध्ये पाऊस लागला की खळ्यावरची बी वाळत नाही, झाडाखालची बी मातीत भिजते, गोदामाचं छत गळतं आणि गरावर काळे डाग पडतात.

समजा तोच माल सहा आठवडे अडकला आणि आता कापल्यावर चांगला गर २४० ग्रॅम, डागी ५० ग्रॅम निघाला. २४० अधिक २५, २६५, उतारा ४६.७. प्रत्येक किलोमागे ३२ ग्रॅम गेला. सोळा टनांचा लॉट धरला तर ५१२ किलो गर. शिवाय डागी गर तळाच्या प्रतीत विकला जातो तो तोटा वेगळा. त्यावर समुद्रातला महिना-दीड महिना. ओली बी कंटेनरात भरली की रात्री पत्र्यावर पाणी धरतं आणि वरच्या दोन थरांवर ठिबकतं. आतून कागदी अस्तर आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या लावतात त्या यासाठी. पण मुळात ओल्या मालाला त्या पुरत नाहीत.

म्हणून तिथल्या उठावाची तारीख महत्त्वाची. १९९८ चं युद्ध जूनच्या पहिल्या आठवड्यात पेटलं आणि बिसाऊ बंदरच लढाईत सापडलं. २०१२ चा उठाव एप्रिलच्या मध्यावर, ऐन खरेदीत झाला. बँका बंद, परदेशी मदत थांबलेली, निर्यातदार बिचकलेले. त्या वर्षी निर्यात आदल्या वर्षापेक्षा चांगलीच घसरली, त्यात जागतिक भावाचाही हात होता. २०२५ चा उठाव नोव्हेंबरअखेरचा. झाडांना तेव्हा जेमतेम मोहोर, गोदामं रिकामी, खळी मोकळी. हा निव्वळ योगायोग असेल, पण नव्या राजवटीला त्याने चार महिन्यांची उसंत मिळाली.

उसंत हवीच होती, कारण या सैन्याला नोटा छापता येत नाहीत. १९९७ मध्ये देशाने पेसो सोडून, एका फ्रँकला ६५ पेसो या दराने, सीएफए फ्रँक हे पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांचं सामायिक चलन घेतलं. हा फ्रँक युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे आणि त्याची मध्यवर्ती बँक डकारमध्ये, म्हणजे सेनेगलमध्ये. पगार द्यायचे तर सीमाशुल्क, मासेमारीचे परवाने, परदेशी मदत आणि काजू. निलंबन झालं की मदत आटते. उरतो काजू. माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले, कारण त्यांच्याकडे सोनं, युरेनियम आणि मागे रशिया होता. बिसाऊच्या जनरलना तो मार्ग परवडत नाही. शेजारच्या सेनेगलशी वाकडं घेतलं तर बी चोरवाटेने तिकडे जाते आणि तिच्यासोबत निर्यातकरही.

या देशाकडून माल घेणाऱ्याने म्हणूनच प्रासादात कोण बसलंय यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. मोसम कोणत्या तारखेला उघडला आणि किमान दर काय. लॉट गावातून कधी निघाला आणि बंदरात किती दिवस पडला, कारण बिसाऊचा धक्का गाळाने भरतो आणि जहाजं भरतीची वाट पाहत खोळंबतात. आणि बी कापून केलेली तपासणी कुठे झाली: गोदामात की कंटेनर भरताना. गोदामात मेमध्ये कापलेला ५३ उताऱ्याचा नमुना दाखवून जुलैत भरलेला माल विकण्याची खोड जुनी आहे. कागदावर दोन्हींवर एकच लॉट नंबर असतो. भरतानाचा तपासणी अहवाल, ओलाव्याच्या आकड्यासकट, करारातच लिहून घ्यावा, आणि ४७ च्या खाली उतारा आला तर दर पौंडामागे किती कपात हेही.